राशीपुढचा शब्द

माघ सरत आला की आमच्या जालन्यातल्या घरापुढून कडब्याचे ट्रॅक्टर जायला लागतात. पेंढ्या इतक्या उंच रचलेल्या असतात की विजेच्या तारेखालून जाताना एक माणूस वर चढून काठीनं तार उचलून धरतो. परवा असाच एक ट्रॅक्टर अडकला. मागं गाड्यांची रांग, हॉर्नचा कल्ला, शेजारचे इंजिनियरसाहेब गॅलरीत येऊन संतापलेले. मी मात्र फाटकाशी जाऊन वास घेत उभी राहिले. सून म्हणाली, "आई, धूळ केवढी आहे, आत या ना." मी म्हटलं, "धूळ कसली? शाळू आहे तो." तिला शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी, हे सांगत बसले नाही. भाकरी तिला आवडते, तेवढं पुरे.

या वासानं माझी मान खाजायला लागते. ज्वारीच्या कणसाची कूस एकदा अंगाला लागली की आंघोळीनंही जात नाही, आणि माझ्या मानेवर ती साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या सुगीपासून बसलेली आहे. आमच्याकडे सुगी आणि परीक्षा दोघी जावा-जावा. एकाच महिन्यात येणार, एकमेकींचं तोंड न बघणार. शहरातली मुलं परीक्षेचा वास म्हणजे नव्या शाईचा, कोऱ्या पानांचा असं काहीबाही सांगतात. माझ्या परीक्षेला मात्र खळ्यावरच्या धुळीचा आणि बैलांच्या शेणाचा वास आहे.

त्यात परवाच गावाहून फोन आला. आमच्या जुन्या हायस्कूलचे आताचे मुख्याध्यापक बोलत होते. पोरगा भला वाटला, आवाजात संकोच होता. पट कमी झाला, म्हणून येत्या जूनपासून शाळा बंद करून मुलांना हमरस्त्यावरच्या मोठ्या शाळेत मिसळायचं घाटतंय, म्हणाला. त्याआधी एक छोटासा निरोपाचा कार्यक्रम. "मॅडम, तुम्ही शाळेच्या पहिल्या मुलींपैकी. येऊन दोन शब्द बोलाल का?" मी हो म्हटलं. काय बोलणार, ते त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

वडीगोद्रीहून शहागडकडे जाताना रस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव. निजामाचं राज्य गेलं आणि पाच-सात वर्षांत गावात सरकारी हायस्कूल आलं. आलं म्हणजे काय, पाटी आली. इमारत नव्हतीच. गावाच्या कडेला पायगा होता, निजामाच्या पोलिसांचे घोडे बांधायची जागा. घोडे राज्याबरोबर गेले, कड्या भिंतीत राहिल्या. त्या कड्यांना आम्ही भाकरीची फडकी अडकवायचो. दगडी गव्हाणी होत्या, त्यांत मुलं दप्तरं ठेवायची. पावसाळ्यात जुन्या घोड्यांचा वास भिंतीतून बाहेर यायचा. एका कोपऱ्यावर छपरच नव्हतं, तिथं आम्ही भूगोल शिकायचो, कारण तिथं उजेड चांगला. भिंतीवरचा नकाशा जुना होता. नकाशात आम्ही निजामाच्या राज्यात आणि पुस्तकात मुंबई राज्यात, अशी दोन्ही दगडांवर पाय ठेवून माझी मॅट्रिकची तयारी चालली होती.

गणिताला काझी सर होते. गणित म्हणायचे नाहीत, हिसाब म्हणायचे. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. शाळा मराठीत आली तेव्हा ते आमचंच पुस्तक रात्री घरी वाचायचे आणि सकाळी आम्हाला शिकवायचे. एखादा शब्द अडला तर वर्गालाच विचारायचे, आणि त्यात त्यांना जराही कमीपणा वाटत नसे. त्यांचं अर्धं घर हैद्राबादला निघून गेलं होतं. गावातल्या कुणीतरी एकदा विचारलं, "काझीसाब, तुमी कामून न्हाई गेले?" ते म्हणाले, "बापाची कबर हितं, पोरं हितं. जाऊ कुटं?" पोरं म्हणजे आम्ही. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं.

सुरुवातीला आम्ही मूठभर मुली होतो. मग दर लग्नसराईत एकेक कमी होत गेली. वर्ग वर चढत गेला आणि आमची रांग आखडत गेली. मॅट्रिकच्या वर्गात मुलगी म्हणून मी एकटी उरले. गावाचं म्हणणं असं की मुलींना बसायला वेगळी खोली नाही, पोरांत पोरी कशा पाठवायच्या? काझी सर म्हणाले, "बराबर हाय. मंग खोली बांधू." त्या बिनछपराच्या कोपऱ्यावर पत्रे टाकून, मध्ये भिंत घालून मुलींची खोली करायची असं ठरलं. पैसा गावात कुणाकडेच नव्हता. सुगीत ज्वारी मात्र घरोघरी येणार होती. सर म्हणाले, सुतार-लोहाराला खळ्यावर बलुतं मिळतं ना? शाळा पण गावचं काम करते. शाळेनं पण खळ्यावर जाऊन सूप धरावं.

सगळे खूश झाले. एकटा किसन उभा राहिला. किसन आमच्या वर्गातला सगळ्यांत हुशार मुलगा, गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. त्याच्या वस्तीनं त्याच वर्षी बलुत्याला जायचं बंद केलं होतं. तो म्हणाला, "सर, माझ्या बापानं जलमभर खळ्यावर सूप धरलं. वाकून. औंदा त्यानं ते सूप चुलीत घातलं. मी न्हाई धरनार."

काझी सरांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "तू सांग. कसं मागायचं?"

किसन म्हणाला, "वाकायचं न्हाई. माय-बाप म्हनायचं न्हाई. शाळंचा हक हाय म्हनायचं अन् ताठ उभं ऱ्हायाचं. तसं आसंल तं सगळ्यांच्या म्होरं सूप मीच धरतो."

तसंच ठरलं. आमच्या वर्गात त्या दिवशी नागरिकशास्त्राचा जो धडा झाला, तसा पुढं मी शिक्षिका म्हणून उभा जन्म काढला तरी कुणाला शिकवू शकले नाही.

आणि मग सुगी आली, आणि आबांनी माझी शाळा बंद केली.

आबा म्हणजे माझे वडील. वाईट माणूस नव्हता. मला खांद्यावर बसवून रानात नेणारा, हुरड्याचं पहिलं कणीस माझ्या हातात देणारा बाप. पण त्या संक्रांतीला मला लुगडं नेसवलं होतं, आणि आमच्या गावात पोरीला लुगडं नेसवलं म्हणजे पाटी फुटली. शिवाय ज्वारी काढायला माणसं मिळत नव्हती. मी परीक्षेचं बोलले की आबा म्हणायचे, "न्हाई." मी पुन्हा विचारलं की, "न्हाई म्हंजे न्हाई." घरात हा शब्द ते सुपारीसारखे चघळायचे. चुलते त्यांच्या शेजारी बसून मान हलवायचे. "मॅट्रिक होऊन कलेक्टर होनार का? खळं झाडायला कोन लागंल मंग?" माय चुलीपुढून सगळं ऐकायची. ती आबांपुढं कधी मोठ्यानं बोललेली मी ऐकली नव्हती.

म्हणून मी ज्वारी उपटली. तळहाताची साल निघेपर्यंत उपटली. कणसं मोडली, पेंढ्या बांधल्या. मोडताना पाठ केलेलं म्हणत राहायचे, सूत्रं, सनावळ्या, इंग्रजीची क्रियापदं. बायका हसायच्या. "आंजी येडी झाली, कणसायला इंग्रजी शिकवून राह्यली." हसा म्हटलं. परीक्षेला पंधरवडा राहिला होता आणि काझी सर निरोपावर निरोप पाठवत होते. मी रडले नाही, हे अभिमानानं सांगते. मला राग आला होता, आणि रागात माणूस काम चांगलं करतं.

आता खळ्याचं सांगायला हवं, कारण आता खळीच राहिली नाहीत. मळणीयंत्र येतं, दुपारच्या आत पोती भरून मोकळं. तेव्हा खळं म्हणजे देवघर. शेणानं सारवलेलं, मधोमध तिवड्याचा खांब, त्याभोवती फिरणारे बैल. पायताण घालून कुणी आत यायचं नाही. मळून, उधळून ज्वारीची रास लागली की तिच्याभोवती राखेची रेघ ओढायची. त्या रेघेच्या आत बाईनं जायचं नाही, राशीला हात लावायचा नाही. सांडलेले दाणे बाहेर बसून वेचायचे आणि झाडायचे, ते काम आमचं. आणि सगळ्यांत मोठा नेम बोलण्याचा. राशीपुढं 'न्हाई' म्हणायचं नाही. 'सरलं' म्हणायचं नाही. रास ऐकते, आणि ऐकून आटते. घागरीतलं पाणी संपलं तर म्हणायचं, घागर वाढली. एकदा चुलत्यांनी कुणाला तंबाखू मागितली, तर तो बिचारा रिकामी चंची उलटी करून म्हणाला, "लई वाढली बघा तंबाखू, दाटून वाढली." माप मोजतानासुद्धा पहिली पायली 'एक' नसते. ती 'लाभ'. लाभ, दोन, तीन, असं मोजायचं. आणि खळ्यावर सूप घेऊन आलेल्याला रिकामं पाठवायचं नाही, कारण रिकामं पाठवायचं तर तोंडानं 'न्हाई' म्हणावं लागतं.

हे सगळं मला आबांनीच शिकवलं. खांद्यावर बसवून शिकवलं.

आमची रास लागली त्या दिवशी ऊन उतरायला लागलं होतं. वारा पडला होता. आबांनी राशीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पायली हातात घेतली. तेवढ्यात बांधावरून आमचा वर्ग येताना दिसला. पुढं किसन, हातात नवं सूप. मागं मुलं, शेवटी काझी सर. सरांनी खळ्याच्या कडेला जोडे काढले आणि तिथंच थांबले. किसन राखेच्या रेघेपाशी येऊन ताठ उभा राहिला आणि खणखणीत म्हणाला, "शाळंचा वाटा द्या."

चुलत्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. किसनच्या बापाला त्यांनी वाकलेलंच पाहिलं होतं. पण आबांनी सूप भरलं, शीग लावून भरलं. मोठेपणा मिळत असला की आबांचा हात सैल सुटायचा. म्हणाले, "न्या. पोरींची खोली बांधून राह्यले ना? बांधा जल्दी. गावच्या पोरी शिकल्या पाह्यजे."

मी हातात झाडू घेऊन हे ऐकलं.

गावच्या पोरी शिकल्या पाहिजेत. त्या वर्गात पोरगी मी एकटी होते आणि मी खळं झाडत होते! असं वाटलं की आबांना हे आत्ता कळेल, ते वळून माझ्याकडं बघतील. ते वळले नाहीत. त्यांच्या मनात त्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी आल्याच नव्हत्या. माणसं अशी असतात, आणि मुद्दाम असती तर भांडायला सोपं गेलं असतं.

मी झाडू खाली ठेवला. किसनच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि त्या नव्या लुगड्याचा पदर पसरला.

आबा हसले. "तुला गं काय पाह्यजे? समदं तुझंच हाय की."

"ज्वारी नगं, आबा. मला परीक्षेला जायचंय. ते घाला पदरात."

आबांचं तोंड उघडलं. तो शब्द दातांपर्यंत आलेला मला दिसला. मग त्यांची नजर राशीकडे गेली आणि तोंड मिटलं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा आबांना माझ्यापुढं बोलायला शब्द मिळत नव्हता. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, घसा साफ केला, म्हणाले, "आंजे, घरी बोलू. घरी चल."

घरी काय बोलणार ते मला ठाऊक होतं. म्हणून मी घाईनं बोलून गेले, "घरी न्हाई. हितंच."

बोलल्यावर कळलं काय बोलले ते. ज्या नेमाच्या आधारानं उभी होते, तोच मी मोडला होता. बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली. मग चुलत्यांनी कपाळावर हात मारला. "गेली! रास गेली! पोरीनं रास बाटवली!" कुणी राख घेऊन राशीवर फेकायला धावलं. आबांचा चेहरा पांढरा पडला. वर्षाचं अन्न पुढं पडलं होतं आणि मी त्याच्या तोंडावर तो शब्द बोलले होते. पदर खाली सोडावा असं मनात आलंही. शेजारी किसन तसाच उभा होता, ताठ. मी पदर सोडला नाही.

तेव्हा माय उठली. ती रेघेबाहेर दाणे वेचत बसली होती. गुडघ्यावर हात देऊन उठली, लुगडं झटकलं, आणि राखेच्या रेघेवरून पाय टाकून सरळ आत आली. राशीजवळ.

"पोरीच्या तोंडून एकदा गेलं," माय आबांना म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "तुमी घरी रोज म्हंता. चुलीम्होरं म्हंता, मह्या ताटाम्होरं म्हंता. तिला धाडायचं न्हाई ना? मंग म्हना. हितं म्हना. राशीम्होरं एकदा म्हना अन् मंग घेऊन चला पोरीला घरी."

ती स्वतः तो शब्द बोलून गेली होती. तिला ते कळलं होतं. बोलताना तिनं राशीकडं बघितलं होतं, आबांकडं नाही.

आबा पायली हातात धरून उभे होते. त्या क्षणी ते काय विचार करत होते ते मी नंतर कितीदा विचारलं, त्यांनी कधीच सांगितलं नाही. राशीची भीती होती, की मायची, की खळ्याच्या कडेला जोडे हातात धरून उभ्या असलेल्या काझी सरांची लाज, देव जाणे. ते वाकले, पायली राशीत खुपसली, काठोकाठ भरली, वरून हात फिरवून सारखी केली. पहिली पायली देवाची असते, ती पिवळ्या फडक्यात बाजूला ठेवतात. आबांनी ती माझ्या पदरात ओतली.

"लाभ," म्हणाले.

पदर एकदम जड झाला. दोन्ही हातांनी आवळून धरला, तरी मान खाली ओढली जात होती. मी वाकले नाही.

मग आबांनी दुसरी पायली भरली आणि "दोन" म्हणून पुढं मोजत गेले, जणू काही झालंच नव्हतं.

त्या वर्षी रास कमी भरली. चुलते मरेपर्यंत ते माझ्या खात्यावर टाकत राहिले. सगळ्या गावाचीच कमी भरली होती, परतीचा पाऊस लवकर गेला होता, आणि बाकीच्यांच्या खळ्यावर कुणी 'न्हाई' म्हटलं नव्हतं. हे मी त्यांना प्रत्येक दिवाळीला ऐकवलं. आबा मला बैलगाडीत घालून अंबडला परीक्षेला घेऊन गेले. मी पास झाले. त्या ज्वारीतून पायग्याच्या कोपऱ्यावर पत्रे चढले, मध्ये भिंत आली, आणि पुढच्या वर्षी तिथं मुली बसल्या. त्यांतल्या कितीजणींच्या मुली पुढं माझ्याच हाताखाली शिकल्या. किसन वकील झाला, अजून ताठ चालतो. काझी सर बापाच्या कबरीशेजारी आहेत.

मी कधीकधी विचार करते की त्या दिवशी मी नेमाचा आधार घेतला होता की नेम मोडला होता. दोन्ही केलं, असं वाटतं. आणि त्याची खंत वाटत नाही. ज्या नेमात बाईनं रेघेबाहेर बसायचं, तो एखाद्या दिवशी आपल्या उपयोगी पडला तर पडू द्यावा, आणि दुसऱ्या वाक्याला मोडला तर मोडू द्यावा. ज्वारी त्यानंतरही उगवत राहिली. परवाचा ट्रॅक्टर तिचाच कडबा घेऊन चालला होता.

रविवारी गावाला जाणार आहे. सून म्हणते, "एवढ्या उन्हाचं कशाला आई, फोनवरून शुभेच्छा द्या." शुभेच्छा कसल्या द्यायच्या? मुख्याध्यापक म्हणाले, पट कमी आहे. आमच्या वेळी पट म्हणजे मुलींच्या रांगेत मी एकटी होते. त्या एकटीसाठी गावानं सुपं भरली, आणि आता पोरं थोडी राहिली म्हणून त्यांना चालत हमरस्त्यापर्यंत पाठवणार. मोठ्या पोरी तेवढ्या लांब जातील? त्यांचे बाप घरात बसून कोणता शब्द चघळत असतील, ते मला कुणी सांगायला नको.

गुलाबी कागदाची कमान लावतील, हार घालतील, माईक हातात देतील. समोर साहेब असतील, पंच असतील, आणि मागं भिंतीत घोड्यांच्या कड्या असतील. दोन शब्द बोला म्हणालेत. मला एकच बोलायचा आहे, आणि तो मी भरल्या राशीपुढं बोलून बसलेली बाई आहे.